सुपातून निसटलेलं बी



गाजर गवत आपल्यापैकी कुणाला दाखवावं लागत नाही. उसाच्या सरीत, बांधावर, चारीच्या कडेला, शाळेच्या कुंपणाशी, ग्रामपंचायतीच्या पाठीमागं, जिथं उघडी जमीन तिथं ते उभंच. खुरपणीला जाणारी बाई नुसत्या वासावरून ते सांगेल. पण हेच गवत बियाच्या रूपात समोर आलं तर? बियाण्याच्या पिशवीत, विकतच्या शेणखतात, लांबून आलेल्या चाऱ्यात ते असतं तेव्हा त्याला ना पान असतं ना फूल. शिवारात आम्ही हा प्रश्न विचारत फिरलो, तर बऱ्याच जणी म्हणाल्या, बी पांढरं असतं, रव्यासारखं. ते बी नव्हे, ती वाळलेली फुलं. बी काळं असतं.

म्हणून आज दोन गोष्टी बोलायच्या. हे बी ओळखायचं कसं, आणि ते आपल्या पुणे जिल्ह्यात आलं कुठून. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे : अमेरिकेच्या लाल गव्हातून. ते कितपत खरं, हेही तपासू.

आधी बी बघू. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, आणि पिकून तपकिरी पडलेली गाजर गवताची एक गुंडी पांढऱ्या बशीत चोळा. पाच बिया निघतील. कितीही गुंड्या चोळा, हिशेब बहुतेक पाचाचाच येईल. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरं तर पुष्कळ बारीक फुलांचा झुबका असतो. त्यातली कडेची पाच फुलं तेवढी बी धरतात, मधली नुसता पराग देऊन वाळून जातात. ताजं फूल नीट बघितलंत तर त्याला पाच कोपरे दिसतात, ते या पाच फुलांचे. म्हणूनच याला चटक चांदणी असंही नाव पडलं.

आता एक बी भिंगाखाली धरा. लांबी साधारण दोन मिलिमीटर, म्हणजे तिळापेक्षाही लहान. आकार पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. अंग चपटं, रंग काळा किंवा गडद तपकिरी. वरच्या टोकाला दोन इवलेसे पांढरट पापुद्रे. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे दोन्ही बाजूंना लोंबणारी भुशाच्या रंगाची दोन वाळकी पाती, कानात डूल घातल्यासारखी. ती शेजारच्या वांझ फुलांची असतात. बी नवं असताना डूल शाबूत असतात. पोत्यात हिंदकळलं, पाण्यातून वाहून आलं, की ते गळतात आणि मग उरतं ते नुसतं काळं पाचरीसारखं बी. फसगत होते ती तिथं.

फसगत कशाकशाशी होईल? राजगिरा आणि माठाचं काळं बी बारीक असतं, पण ते गोल आणि चकचकीत, बोटाखाली गडगडतं. चाकवताचंही गोल, टिकलीसारखं. घोळीचं बी फारच लहान आणि त्यावर बारीक पुरळ. एकदांडीचं, म्हणजे दगडी पाल्याचं बी काळं आणि लांबट असतं खरं, पण त्याला पिसासारखा तुरा असतो आणि ते वाऱ्यावर उडतं. गाजर गवताच्या बियाला असा तुरा नाही. खऱ्या गाजराचं बी तर अगदीच वेगळं : बदामी रंगाचं, पाठीवर रेघा, रेघांवर बारीक काटे, आणि चोळलं की गाजराचा वास. पान सारखं दिसतं म्हणून नाव गाजराचं मिळालं, एवढंच नातं. खरं नातं आहे ते कारळ्याशी. कारळं, सूर्यफूल, शेवंती आणि गाजर गवत ही सगळी एका कुळातली. कारळ्याचं बी काळंच, पण सडपातळ, तुकतुकीत आणि चांगलं दुप्पट लांब. चटणी करताना कारळं निवडणाऱ्या बाईला हा फरक सांगावा लागणार नाही.

या गवताचं शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं ते १७५३ साली पुस्तकात नोंदवलं. पहिला शब्द कुमारी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, दुसऱ्यात गर्भाशय आणि धारण करणारी असे दोन शब्द जोडलेले. कुमारीही आणि भरपूर पोरं होणारीही. एका झाडाला हजारोंनी बी येतं, मोठ्या झाडाला पंधरा-वीस हजारांपर्यंत, तेव्हा दुसरा अर्ध बरोबर बसतो. पण उच्छाद मांडणाऱ्या झाडाला बाईचंच नाव का सुचावं, हा प्रश्न आमच्यातल्या एकीनं विचारला आणि त्यावर बराच वेळ हशा झाला.

आपल्याकडचं दुसरं नाव काँग्रेस गवत. पांढऱ्या फुलांचा माळ म्हणजे टोप्या घातलेली सभा, असं कुणी सांगतं. कुणी म्हणतं, अमेरिकेच्या काँग्रेसनं गहू दिला म्हणून. दोन्ही गोष्टी ऐकायला छान आहेत. त्यातली कुठली खरी हे ठरवण्यापेक्षा तारखा बघितलेल्या बऱ्या.

मूळचं हे गवत मेक्सिकोच्या आखाताभोवतीच्या मुलखातलं, मध्य अमेरिकेतलं आणि दक्षिण अमेरिकेतलं. पुण्यात ते पहिल्यांदा दिसल्याचा जो उल्लेख अभ्यासकांच्या लिखाणात येतो तो १९५१ सालचा. प्राध्यापक परांजपे यांना ते उकिरड्यावर तुरळक उगवलेलं आढळलं. मग १९५५ साली ते पुन्हा पुण्यातच दिसलं, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी नोंद म्हणून ते छापलं. नवी नोंद याचा अर्थ, त्याआधीच्या वनस्पतींच्या मोठ्या पुस्तकांत ते इथलं रानटी झाड म्हणून नव्हतं. या शतकभरात आपल्या इलाख्यातल्या झाडाझुडपांची बरीच बारकाईनं मोजदाद झाली होती. थिओडोर कुक यांचे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचे ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघालेत. गवताकडं कुणाचं लक्ष नव्हतं अशातला भाग नाही.

आता लाल गहू. ज्याला आपल्या आज्या पीएलचा गहू म्हणायच्या, तो पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली यायचा. हा कायदा जुलै १९५४ मध्ये झाला आणि भारतानं त्याखाली पहिला करार केला तो ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे करारावर सह्या होण्याआधीच पुण्याच्या उकिरड्यावर झाड उगवून, फुलून, शास्त्रज्ञाच्या हाती लागलं होतं. जे आधीच आलंय ते नंतरच्या बोटीतून कसं येईल? पहिलं बी पीएल-४८० च्या गव्हातून आलं, हे तारखांच्या हिशेबात बसत नाही.

पण म्हणून परदेशी धान्याचा संबंधच नाही असंही म्हणता येत नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर देशात धान्याची ओढाताण होती, १९४६ पासूनच बाहेरून बोटी येत होत्या. जून १९५१ मध्ये अमेरिकेनं भारताला गव्हासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज देणारा वेगळा कायदा केला, त्यातून सुमारे २० लाख टन धान्य यायचं होतं. पीएल-४८० त्यानंतरचं. पुढं १९६५ आणि १९६६ ला पाऊस दगा देऊन गेला तेव्हा १९६६ या एका वर्षात सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आलं. म्हणजे गहू येत राहिला तो वीसेक वर्षं, निरनिराळ्या नावांखाली. लोकांच्या आठवणीत त्यातलं एकच नाव उरलं आणि सगळा दोष त्या नावावर गेला.

आणखी एक अडचण आहे. १९७८ मध्ये बेनेट, नैथानी आणि रायझादा या तीन वनस्पतिशास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला. त्यांना डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत वाळवून ठेवलेला याच झाडाचा नमुना सापडला. गोळा करणारे डी. ब्रँडिस, साल १८८०. म्हणजे स्वातंत्र्याच्याही सदुसष्ट वर्षं आधी हे झाड हिंदुस्थानात एकदा तरी येऊन गेलं होतं. पण ते तेव्हा पसरलं नाही. एखादं झाड एका ठिकाणी असणं आणि त्यानं मुलूख व्यापणं यात फार अंतर असतं. आम्हांला विचाराल तर डेहराडूनच्या नमुन्यामुळं पुण्याची गोष्ट खोटी ठरत नाही. पुण्यात ते नव्यानं आलं असावं, आणि परदेशी धान्याच्या पोत्यांतून आलं असण्याचीच शक्यता जास्त, फक्त पीएल-४८० च्या आधीच्या पोत्यांतून. नंतरच्या पोत्यांनी भर घातली असेल.

आता तो उकिरडा. १९५१ ला उकिरडा. शेत नाही, बाग नाही, रस्त्याची कडसुद्धा नाही. आम्ही हे वाचलं तेव्हा इथंच थांबलो. शहरातल्या उकिरड्यावर धान्यातलं बी जातं कसं? कुणीतरी सूप पाखडतं तेव्हा. रेशनचं धान्य घरी आलं की ते चाळायचं, पाखडायचं, निवडायचं, आणि खाली पडलेलं खडे-माती-कचरा केरात टाकायचं, हे काम कोण करत होतं ते सांगायला नको. गव्हाच्या चाळणीतून दोन मिलिमीटरचं बी सहज खाली जातं. सुपाच्या टोकाला फोल आणि हलकं बी जमतं, ते फुंकून बाहेर. पाखडणाऱ्या बाईचं काम चोख झालं म्हणूनच ते बी पिठात न जाता उकिरड्यावर गेलं, आणि तिथं त्याला खत, ओल, उघडी जागा सगळं मिळालं. हा आमचा तर्क आहे, कुठं लिहून ठेवलेला पुरावा नव्हे. पण धान्याची गोष्ट खरी मानायची तर बंदर ते उकिरडा या वाटेत सूप आल्याशिवाय वाट पुरी होत नाही.

ती बाई ते बी ओळखू शकली नसती का? कशी ओळखणार? निवडताना आपण काय करतो ते आठवा. ज्वारीतलं मुगाचं बी वेगळं काढतो, गव्हातली वाटाण्यासारखी गोल दाणी काढतो, मोहरीत पिवळ्या धोत्र्याचं बी आहे का बघतो, कारण त्याचं तेल पोटात गेलं तर माणूस सुजतो. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातल्या पिवळ्या धोत्र्यानं माणसं दगावली. यातलं प्रत्येक बी आपल्या आईला, आजीला माहीत होतं, त्याला नाव होतं. या काळ्या बियाला नाव नव्हतं. आणि ज्यांचं ते काम होतं त्या सरकारी खात्यांनीही बंदरावर ते बघितलं नाही. १९१४ चा कीड आणि रोगांविषयीचा कायदा होता, पण त्याचा रोख तणाच्या बियांवर नव्हता. आयात मालात कुठल्या परक्या तणांचं बी चालणार नाही याची रीतसर यादी २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशात आली. तोवर गाजर गवत देशभर झालं होतं.

हे फक्त आपल्याकडंच घडलं असं नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड प्रांतात ते १९५५ ला, म्हणजे पुण्याच्याच सुमारास दिसलं. महायुद्धात अमेरिकेहून आलेल्या विमानांच्या यंत्रसामग्रीबरोबर ते आलं असं तिथं मानतात. पण ते तिथंच रेंगाळलं. खरा उच्छाद झाला तो १९६० च्या सुमारास क्लेरमाँट गावाजवळून, आणि त्याचं कारण टेक्सासहून आणलेलं कुरणाच्या गवताचं बियाणं. गाईगुरांसाठी विकत घेतलेल्या बियाण्यात हे बी मिसळलेलं होतं. इथिओपियात ते अन्नमदतीच्या धान्याबरोबर गेलं असं सांगतात, आणि तिथल्या ओरोमो भाषेत त्याला जे नाव पडलं त्याचा अर्थ होतो, सही कर आणि जमीन सोड. आपल्या काँग्रेस गवतापेक्षा हे नाव आम्हांला जास्त खरं वाटलं.

पुण्याहून आपल्याकडं ते कधी आलं याची तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही, पण वाट दिसते. १९६८ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वा. द. वर्तक यांनी इंडियन फार्मिंग या मासिकात लेख लिहून बजावलं की हे तण महाराष्ट्रातल्या पिकांना आणि कुरणांना धोका आहे. म्हणजे सतरा वर्षांच्या आत ते उकिरड्यावरून शेतात पोचलं होतं. त्याच सुमारास बारामतीच्या जिरायती भागात पाझर तलावांची कामं निघाली आणि मजुरी म्हणून परदेशातून आलेलं धान्य आणि तेल मिळायचं. मग १९७२ चा दुष्काळ. दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या आज्या अजून आपल्यात आहेत. सुकडी आणि लाल मिलो ज्वारी यांची चव त्या विसरलेल्या नाहीत. त्या धान्यातून गाजर गवत आलं का, हे सांगता येणार नाही. पण दुष्काळी कामांनी एक केलं : माती उघडी केली, मुरूम इकडचा तिकडं नेला, रस्त्यांच्या दोन्ही कडा मोकळ्या ठेवल्या. उघडी जमीन हेच या गवताचं अंथरूण.

त्यापुढं आपल्या तालुक्यांची रचनाच त्याच्या सोयीची. नीरा डावा कालवा आणि त्याच्या चाऱ्या शेतोशेत फिरतात. बी हलकं, पाण्यावर तरंगतं, वरच्या गावातलं बी खालच्या गावाला पोचवायला पाटकऱ्याची परवानगी लागत नाही. उजनीचं पाणी उतरलं की इंदापूरच्या बाजूला गाळपेर उघडी पडते. उसाच्या ट्रका आणि ट्रॉल्या हंगामभर इकडून तिकडं, चाकाला चिखल आणि चिखलात बी. २०१२-१३ सारख्या दुष्काळात चारा छावण्या लागल्या तेव्हा लांबून गाड्या भरभरून चारा आला. गुरं जगली, ते महत्त्वाचं होतं. पण छावणी उठल्यावर त्या जागेवर काय उगवलं हे ज्यांनी बघितलं त्यांनी बघितलं. आणि शेणखत. उकिरड्यात टाकलेलं फुलोऱ्यावरचं गाजर गवत नीट न कुजता खतात राहिलं, तर आपण ते पैसे देऊन, ट्रॉली भाड्यानं करून आपल्याच रानात पेरतो.

या सगळ्याची किंमत कोण मोजतं? गुरं सहसा ते खात नाहीत, पण चाऱ्यात मिसळून पोटात गेलं तर दूध कडवट लागतं, आणि डेअरीवर दूध घालणाऱ्या घराला त्याचा अर्थ माहीत आहे. पण जास्त किंमत मोजते ती खुरपणारी. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर १९७४ मध्ये या गवतानं होणाऱ्या त्वचारोगाविषयी लिहिलं. त्यानंतर दोनच वर्षांत पुण्याच्याच संशोधकांबरोबरचा त्यांचा आणखी एक लेख आला, नेमकं कुठलं द्रव्य अंगाला बाधतं याविषयी. त्या द्रव्याला पार्थेनिन म्हणतात. पानांवरच्या बारीक लवेत ते असतं आणि वाळलेल्या झाडाच्या भुकटीतूनही ते अंगावर येतं. त्यामुळं उपटलं नाही, नुसतं शेजारून गेलं, तरी ज्याला बाधतं त्याला बाधतं. पापण्या, मान, कोपराची घडी इथं खाज सुटते, कातडी जाड आणि काळी पडते. पहिल्या वर्षी काहीच होत नाही, वर्षानुवर्षं हात लागला की अंग एकदम नाकारायला लागतं. आमच्यातल्या एका वहिनींना दोन वर्षं नायटा समजून मलमं लावत बसावं लागलं. मग एका डॉक्टरांनी पाठीवर पट्टी चिकटवून तपासणी केली तेव्हा कारण कळलं. वहिनी रोजानं खुरपायला जायच्या. आता जात नाहीत, आणि तो रोज बुडाला त्याची भरपाई कुणी दिलेली नाही. खरूज-नायटा पावसाळ्यात वाढतोय आणि मलमानं हटत नाही असं दिसलं तर डॉक्टरांना एवढंच सांगा की माझं काम गाजर गवतात असतं.

उपाय काय झाले? कर्नाटक सरकारनं १९७५ मध्ये कायद्यानं याला उपद्रवी तण ठरवलं. पण ते उपटायचं कुणी, यावर कायदा उपटत नाही. १९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा भुंगेरा बेंगळुरूला आणला आणि १९८४ मध्ये तो सोडला. पिवळट पाठीवर काळ्या रेघा असलेला हा किडा आपल्याकडंही पावसाळ्यात गाजर गवताची पानं चाळण करताना दिसतो. तो मारू नका. तो सूर्यफूल खातो अशी ओरड मध्यंतरी झाली, कारण दोन्ही झाडं एका कुळातली. पण त्याचं खरं खाणं गाजर गवतच आहे. त्याची अडचण एवढीच की तो पावसात जागा असतो, कोरड्या दिवसांत जमिनीत दडतो, आणि आपल्या बागायतीत गवत बारा महिने उगवतं. पावसाआधी पडीक जागेत तरोट्याचं बी फोकून गाजर गवताला दाबायचं, हा उपाय स्वस्त आहे. तरोट्याचं बी ओळखायला सोपं : कडक, तुकतुकीत तपकिरी, दोन्ही टोकं तिरकी कापल्यासारखी. जबलपूरचं तण संशोधन निदेशालय दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजर गवत जागृतीसाठी पाळतं. फलक घेऊन फोटो काढायला हा आठवडा चांगला असतो. उपटायला मात्र आम्हांला जुलै बरा वाटतो, कारण तेव्हा जमीन ओली असते आणि रोपाला फूल नसतं. फूल नसेल तर त्याचं खतही चालतं, खड्ड्यात शेणकाल्याबरोबर थर देऊन. फूल आलं की त्याला उकिरड्यात जागा नाही.

बियाण्याच्या पिशवीविषयी थोडं. आपल्याकडं बियाणे कायदा १९६६ चा. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, लेबलावर उगवणशक्ती आणि शुद्धता लिहिलेली असते. शुद्धता म्हणजे पिशवीत त्या पिकाचं बी किती टक्के आहे याचा आकडा, आणि तो वाचायची सवय आपल्याला नाही. भाव आणि कंपनी बघून पिशवी घेतली जाते. मोठ्या दाण्याच्या बियाण्यात, मक्यात किंवा हरभऱ्यात, हे बी चाळणीनं निघून जातं. धोका बारीक बियाण्यात : चाऱ्याची गवतं, लसूणघास, मेथी-कोथिंबिरीचं सुटं बियाणं, कांद्याचं घरचं बी. कांद्याचं बी काळंच असतं, हे ध्यानात ठेवा. पण ते कोनेदार आणि सुरकुतलेलं, गाजर गवताचं चपटं आणि पाचरीचं. पांढऱ्या कागदावर चिमूटभर पसरा, भिंग घ्या, दोन मिनिटं लागतात. भिंग नसेल तर मुलांच्या कंपासपेटीत बघा, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघा.

शेणखतात मात्र नजरेचा उपयोग होत नाही. काळ्या खतात काळं बी कोण शोधणार? तिथं दुसरी युक्ती. ट्रॉली रिकामी करण्याआधी चार जागचं ओंजळभर खत जुन्या परातीत घ्या, थोडी माती मिसळा, पाणी शिंपडून दोन आठवडे उन्हात ठेवा आणि ओल मोडू देऊ नका. या बियाला झोप अशी नसते, ओल मिळाली की उगवतं. आधी दोन लहान गोलसर पानं येतात, मग कातरलेली पानं जमिनीला चिकटून चकलीसारखी पसरतात. तशी चकली दिसली तर ते खत उसाला टाकू नका. खड्ड्यात परत घाला, भिजवा, वरून मातीनं लिंपा आणि आत चांगली ऊब धरू द्या. खतवाल्याला पैसे देण्याआधी ही परात मांडता आली तर उत्तमच.

पुढच्या बुधवारी लसूणघासाच्या बियाण्यात मिसळलेलं अमरवेलीचं बी बघू. लसूणघासाचं पिवळसर आणि गुळगुळीत असतं, अमरवेलीचं करडं आणि खरबरीत. घरी बियाणं असेल तर चिमूटभर कागदात बांधून घेऊन या.